तिला न चालणारे टोमॅटो

काळी माती बादलीत भरायची नसते, हे मला माहीत नव्हतं. असणार तरी कसं? माझा जन्म सोलापूर शहरातला, नोकरी कचेरीतल्या टेबलाची, आणि शेतीशी आलेला संबंध म्हणजे रविवारी मंडईत जाऊन मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघणं. पण बायको केम गावची, शेतात वाढलेली. तिलाही हे माहीत नसावं, याचा मला आजही राग येतो. तिच्या लेखी केमच्या काळ्या मातीपुढं बाकी सगळी माती म्हणजे निव्वळ कचरा. "माज्या भावाकडनं दोन पोती आणा, मग बगा कशी भाजी येती," म्हणाली. मी गेलो की रेल्वेनं! मेव्हणा पोट धरधरून हसला, पण त्यानं माती भरून दिली. स्टेशनवरून जुळे सोलापुरातल्या घरापर्यंत रिक्षावाला सारखा मागं वळून बघत होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "साहेब, सोलापुरातली माती संपली काय?"

दोन मजले चढवली ती पोती. कंबर आठ दिवस धरली होती.

रंगाचे रिकामे डबे, जुन्या कूलरचा टब, दोन फुटक्या बादल्या आणि पाण्याचा एक मोठा जार वरून कापून, असं सगळं गॅलरीत मांडलं. स्क्रू ड्रायव्हर गॅसवर तापवून बुडाला भोकं पाडली, त्यात अंगठा भाजून घेतला. माती भरली, बी टाकलं, पाणी घातलं. चार दिवसांत वर चिखल, आठ दिवसांत दगड. बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. बायको खुर्चीतून म्हणे, "पाणी कमी पडतंय, वता आजून." ओतलं. आणखी दगड झाला. शेवटी नर्सरीवाल्यानं माझी शाळा घेतली. काळी माती शेतात चांगली, डब्यात ती पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. एक वाटा माती, एक वाटा कुजलेलं शेणखत, एक वाटा नारळाचा भुसा, आणि बुडाला विटेचे तुकडे. घरी येऊन मी हे सांगितलं तर बायकोचं तोंड एवढंसं झालं. "आमची माती वाईट न्हाय, तुमचा डबा वाईट," म्हणाली.

हा उपद्व्याप कशासाठी, ते सांगतो. बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस. चार तास मशीनला हात बांधून घ्यायचा, घरी येऊन मेल्यासारखं पडायचं, दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायचं, तोवर पुढचा वार दारात उभा. माझी किडनी द्यावी तर मला साखर. मुलगी द्यायला तयार आहे, तर हिनं तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातलेली. तेव्हा आपण काय करायचं? रिक्षा बोलवायची, फाइल सांभाळायची आणि बाहेरच्या बाकड्यावर बसायचं. एवढंच माझ्या हातात उरलं होतं. म्हणून तिनं "गॅलरीत चार भाज्या लावू की" म्हटल्यावर मला जीव आला. निदान हिच्या पोटात औषधं न मारलेली भाजी जाईल. करण्यासारखं एक काम तरी सापडलं.

आणि आमची बाई बदलली हो! सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी गॅलरीत. मी तिचा गडी. "ती मिरची सावलीला घ्या." "मेथी लई दाट झाली, उपटा मधली मधली." "कोथिंबिरीचे धणे रगडून टाकले न्हवते ना? मग कशी उगवंल?" तिला वाकता येत नाही, डाव्या हातानं जड उचलता येत नाही, त्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली आहे. पण जीभ चालते. तीस वर्षांच्या संसारात हिनं मला एवढं कधी बोलून घेतलं नसेल. मी वैतागायचो, "अगं, कचेरीत जायचंय मला," म्हणायचो आणि पुन्हा टमरेल घेऊन उभा राहायचो.

पाण्यापाशी मात्र माझी गाळण उडायची. तिला दिवसाला पाण्याची एक छोटी बाटली. चहा, औषध, ताक, सगळं त्याच हिशेबात. त्यापेक्षा जास्त गेलं की अंगावर सूज, छातीत पाणी. एकदा उन्हाचं मी डब्यांना पाणी घालत होतो. नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळं तेही जपून जपूनच. ती खुर्चीत बसून बघत होती. ओठ कोरडे पडलेले. म्हणाली, "टोमॅटोला दोन टमरेल घातलं तुमी."

"मग? ऊन आहे किती!"

"काय न्हाय. मला बाटली, त्याला टमरेल. चांगलं हाय."

हसत म्हणाली, पण माझा हात तसाच थांबला. तेव्हापासून मी झाडांना पाणी घालायचो ते ती आंघोळीला गेली की, चोरासारखं. तिला ते लगेच कळलं, कारण माती ओली दिसायची.

थंडीत टोमॅटो लागले. चार डब्यांत चार झाडं, आणि काय तो बहर! कोवळ्या फांद्या जुन्या साडीच्या काठानं बांधल्या होत्या. पहिले सहा टोमॅटो लाल झाले तेव्हा मी ते पिशवीत घालून थेट दवाखान्यात आहार सांगणाऱ्या बाईंकडे नेले. टोमॅटो चालत नाही, पालक चालत नाही, नारळपाणी नको, केळं नको, ही यादी आमच्या फ्रिजवर चिकटवलेली होतीच. पण मला वाटायचं ती बाजारातल्या मालाची. घरचं, स्वतःच्या हातचं, शेणखतावरचं, त्यानं काय होतंय! असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. माझ्यासारखं वाटणारा माणूस या गावात घरटी एक सापडेल.

त्या बाईंनी पिशवीत डोकावून बघितलं. "छान आलेत," म्हणाल्या. "पण काका, घरचा टोमॅटो काय आणि बाजारचा काय, पोटॅशियम तेच. ते त्यांच्या रक्तातून बाहेर पडत नाही. वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. एकही द्यायचा नाही."

"एखादी फोड?"

"काका."

पिशवी उचलून उठलो. घरी येऊन बायकोला सांगितलं आणि म्हटलं, उपटून टाकतो सगळं. त्यावर ती जी कडाडली! "हात तर लावा. माजी हायती ती झाडं. खायचं न्हाय म्हटलं, बगायचं न्हाय म्हटलंय का कुनी?" मग आमचा तह झाला. झाडं राहतील, पण पिकेल ते सगळं घराबाहेर जाईल. तिच्यासाठी मी दुधी आणि कोबी बाजारातून आणून, बारीक चिरून, दोनदा उकळून, पोटॅशियम उतरलेलं पाणी फेकून, मग शिजवून देत होतो. मीठ नावाला. ती खायची. एकदाच म्हणाली, "ह्याला काय भाजी म्हणायची? भिजलेला कागद हाय नुसता." मी तिच्यावर ओरडलो. नंतर स्वयंपाकघरात जाऊन चव घेतली. खरंच कागद होता.

घराबाहेर म्हणजे कुठं, तर समोरच्या दारात. समोर राहतात त्या बाईंना बायको अक्का म्हणते. विणकरांचं घर त्यांचं, घरात तेलुगू बोलतात, माणसं लाखातली. पण त्यांना आम्ही आजाराचं काहीच सांगितलं नव्हतं. बायकोची सक्त ताकीद होती. तिला कुणी "बिच्चारी" म्हटलेलं खपत नाही. आठवड्यातून दोनदा कुठं जाता, असं अक्कांनी विचारलं तेव्हा हिनं बेधडक ठोकून दिलं, "हाताला शेक द्यायला, वाताचं हाय." मीही मान हलवली. तिची एवढीच एक गोष्ट मी ऐकू शकत होतो, म्हणून ऐकली.

तर डबाभर टोमॅटो अक्कांकडे गेले. आणि दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो भरून. आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत द्यायची पद्धत नाही. साखरेचे चार दाणे का होईना, घालून द्यायचे. अक्कांनी त्याच टोमॅटोचा पप्पू केला होता, म्हणजे टोमॅटो घालून शिजवलेली घट्ट डाळ, वर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. झाकण काढलं आणि घरभर वास. मी बायकोकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. "तुमीच खावा," म्हणाली आणि आत जाऊन पडली. मी ओट्यापाशी उभ्यानं सगळा संपवला, भाताशिवाय. डब्याला लागलेलंही बोटानं पुसून घेतलं. लाज वाटत होती, तरी थांबलो नाही.

नंतर दर तीन-चार दिवसांनी टोमॅटो जायचे. मी सकाळी डबा देऊन कचेरी गाठायचो. परत आलो की डबा आमच्या ओट्यावर धुऊन पालथा घातलेला असायचा. मी विचारलं एकदा, "अक्कांनी काही पाठवलं नाही?" ती म्हणाली, "रोज कोन पाठवंल? त्यास्नी बी कामं असत्यात." मला पटलं. पटायला नको होतं. मी तीस वर्षं कागदपत्रं तपासून माणसांच्या चुका पकडत आलोय, आणि घरातला धुतलेला डबा मला दिसला नाही.

रक्ताच्या रिपोर्टात पोटॅशियम वाढायला लागलं. डायलिसिसच्या खोलीतला पोरगेला टेक्निशियन विचारायचा, "मावशी, काय खाताय?" ही म्हणायची, "कागद." मी मात्र हादरलो. मला वाटलं, माझंच उकळणं कमी पडतंय. मग तीनदा उकळायला लागलो. कोबीचा पार लगदा. तो तिच्यापुढं ठेवून मी दरडावायचो, "संपव." ती मुकाट्यानं संपवायची. आता ते आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

एका रविवारी सकाळी ती गॅलरीत बसली होती. मी आतून विचारलं, चहा आत्ता घेतेस की मागनं? उत्तर नाही. बाहेर आलो तर ती खुर्चीच्या हाताला धरून उठायला बघत होती आणि पाय उचलत नव्हते. "पाय माजं न्हाईत," म्हणाली. "लई जड झाल्यात." चेहरा मातकट झालेला. नाडी धरली तर एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग एक ठोका. मी तिच्या नावानं ओरडलो असणार, कारण अक्का ओल्या हातानं धावत आल्या. आम्ही दोघांनी तिला धरून, जवळजवळ उचलून, दोन मजले खाली आणलं. रिक्षात अक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

"काल तर चांगल्या होत्या की ओ," अक्का सारख्या म्हणत होत्या. "काल मी डबा आणला तर माझ्यासमोरच बसून पप्पू खाल्ला. पोटभर खाल्ला. 'अक्का, तुमच्या हाताला चव हाय' म्हणाल्या."

"काय खाल्लं?"

"पप्पू. टोमॅटोचा. तुमच्याच झाडाचा की भाऊ. नेहमी खातात, आवडतो त्यांना."

मी अक्कांवर जो आवाज चढवला, तो रिक्षावाल्यानंही मागं वळून बघावं असा होता. "मारून टाकलंत तुम्ही तिला! किडन्या गेल्यात तिच्या, टोमॅटो विष आहे तिला, विष!" अक्का माझ्याकडं बघतच राहिल्या, आणि मला बोलता बोलताच कळत होतं की या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. झाडं मी लावली. टोमॅटो मी वाढवले. डबा मी नेऊन दिला. थापही मीच मान हलवून खरी केली. ओरडायचं तर कुणावर? पण ओरडणं थांबवता येत नव्हतं. बायको डोळे मिटून पडल्या पडल्या हळूच म्हणाली, "त्यास्नी बोलू नका." एवढंच.

दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, इंजेक्शनं दिली, आणि लगेच मशीनवर घेतलं. मी आणि अक्का बाहेरच्या बाकड्यावर. अक्का पदरानं तोंड दाबून रडत होत्या आणि मधूनमधून तेलुगूत देवाला काहीतरी म्हणत होत्या. मी माफी मागितली. त्यांना ती ऐकू गेली की नाही कोण जाणे. आतला डॉक्टर दोनदा बाहेर आला, दोनदा तसाच परत आत गेला. मी नुसता दाराकडं बघत बसलो. त्या चार तासांत मी काय करू शकत होतो? काहीही नाही. लघवीला जायचीही भीती वाटत होती.

वाचली. पाचव्या दिवशी घरी आणलं.

मी भांडायचं ठरवूनच ठेवलं होतं. तिला पलंगावर बसवलं, उशी दिली आणि सुरू झालो. मी रात्रंदिवस तुझ्यासाठी मरतोय, कोबी तीन-तीनदा उकळतोय, आणि तू माझ्या पाठीमागं? तुला मरायचं होतं का? सांग की, मरायचं होतं? ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मरायचं कशाला आसंल? जेवायचं हुतं. मला म्हाईत हुतं ते चालत न्हाय. पयल्या दिवशी एकच घास खाल्ला. मग ऱ्हावलं न्हाय. तुमी उकळल्याली भाजी गिळताना माजं मन नुसतं त्या डब्यापाशी आसायचं. तुमी दोसी न्हाई, अक्का दोसी न्हाईत. जिभंला काय करू?"

मी रागानं गॅलरीत गेलो. झाडं उपटणारच होतो. पाच दिवस मी पाणी घातलं नव्हतं, तरी मेलं नव्हतं एकही. अक्का घालून जात असणार, किल्ली त्यांच्याकडं होती. एका झाडावर सात-आठ पिकलेले लटकत होते. मी बुंधा धरला.

"थांबा," ती आतून म्हणाली. भिंतीला धरून धरून गॅलरीच्या दारापर्यंत आली होती. मी धावत जाऊन तिला खुर्चीत बसवलं. ती दम खात म्हणाली, "उपटा. पर आदी एक करा. एक तोडा आन् खावा. हितं. माज्या म्होरं."

"मला नको."

"तुमाला नको न्हाय. लपून खाता तुमी, मला म्हाईत हाय. कचेरीतनं येताना वडापाव खाऊन येता, वास येतो तोंडाला. म्होरं बसून खावा आन् मला सांगा कसा लागतोय."

मी म्हटलं, हे काय भलतंच. ती ऐकेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं आलं की कशानं, कळलं नाही. मी मिठाची बरणी आणली, एक टोमॅटो तोडला, मीठ लावून चावला.

"कसा हाय?"

"पाणचट," म्हणालो. "काही अर्थ नाही. रबर खाल्ल्यासारखं."

"खोटं. रस हनुवटीवर आलाय तुमच्या. नीट सांगा की हो."

मी घास तोंडात धरून उभा होतो. तीस वर्षांत या बाईला मी कुठल्या पदार्थाला धड चांगलं म्हटलं नव्हतं. "बरंय" म्हणायचो, ताट सारायचो. ती हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली होती.

"उन्हानं गरम झालाय," मी म्हटलं. "आतून. आधी आंबट लागतं, एकदम जबड्यात येतं. मग गोड. साल जाड आहे, ती मागं राहते, चावायला लागते. बिया सुळकन जातात. मिठाचा खडा मध्येच लागतो, तिथं फार... फार चांगला लागतो."

तिनं डोळे मिटले होते. माझ्याबरोबर तिनंही आवंढा गिळला.

"लसणाची फोडणी आसती तर?"

"तर आणखी चांगला लागला असता."

"हां," ती म्हणाली. डोळे उघडले नाहीत. "आजून एक खावा. सावकाश."

मी दुसरा तोडला.